लॉगिन चालू करण्याआधी: दोन संस्थांमधला फेडरेटेड विश्वास कोणत्या क्रमाने उभा करायचा

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी भागातल्या कॉलेजांत फेडरेटेड लॉगिन (एका संस्थेच्या खात्याने दुसऱ्या संस्थेची सेवा वापरणं) बसवताना एकच चूक वारंवार होते. दोन्हीकडचे तांत्रिक लोक एकमेकांना मेटाडेटाची, म्हणजे आपल्या सर्व्हरचे पत्ते आणि किल्ली सांगणारी, फाइल पाठवतात, ती सर्व्हरवर टाकतात, एका प्राध्यापकाच्या खात्याने लॉगिन करून बघतात आणि पान उघडलं की "झालं" म्हणून प्राचार्यांना फोन करतात. प्रत्यक्षात त्या क्षणी दोन यंत्रं एकमेकांशी बोललेली असतात, इतकंच. फाइल खरंच त्याच संस्थेकडून आली का, तिकडच्या प्रत्येक खात्यामागे खरा माणूस आहे का, सर्व्हरची सही करायची गुप्त डिजिटल किल्ली चोरीला गेली तर रात्री फोन कोणाला करायचा, यातलं काहीही ठरलेलं नसतं. आणि एकदा लॉगिन चालू झालं की या गोष्टींसाठी कोणी वेळ देत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी माणसं आणि कागद, मग खाती, मग घड्याळ आणि किल्ल्या, मग मेटाडेटा, मग माहितीची देवाणघेवाण आणि शेवटी लॉगिन.

पुढचं सगळं सॅमल २.० (SAML, अशा लॉगिनसाठीचं एक तांत्रिक मानक) धरून लिहिलं आहे, कारण कॉलेजं आणि ग्रंथालय सेवांमध्ये आजही तेच जास्त भेटतं. दोन शब्द पक्के करून घ्या. जी संस्था आपल्या माणसांची ओळख पटवते ती आयडीपी. जी सेवा त्या ओळखीवर विसंबून दार उघडते ती एसपी. उदाहरणासाठी उदगीरचं एक कॉलेज आयडीपी आणि नांदेडहून चालणारं एक ई-ग्रंथालय पोर्टल एसपी, असं धरू.

## आधी ठरवा: थेट जोडायचं की फेडरेशनमधून

एक-दोन सेवांपुरतं काम असेल तर दोन संस्थांनी थेट जोडणी केली तरी चालते. पण १० कॉलेजं आणि १० सेवा झाल्या की १०० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत खालची पडताळणी हाताने करावी लागते. ती कोणीच करत नाही. फेडरेशनमध्ये, म्हणजे अशा संस्थांच्या सामाईक संघात, प्रत्येक संस्थेची पडताळणी एकदाच होते आणि फेडरेशन सर्वांचा मेटाडेटा स्वतःच्या सहीने प्रसिद्ध करतं. भारतात उच्च शिक्षणासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं इन्फेड आहे. वेगवेगळ्या देशांची फेडरेशनं एकमेकांना जोडण्याचं काम एड्युगेन करतं.

सावधान: फेडरेशन फक्त एवढीच हमी देतं की हा मेटाडेटा या सदस्य संस्थेचा आहे. तुमची विद्यार्थ्यांची यादी अद्ययावत आहे की नाही, याची हमी फेडरेशन घेत नाही. ती जबाबदारी तुमचीच. त्यामुळे फेडरेशनमध्ये गेलात तरी पहिले दोन टप्पे चुकवता येत नाहीत.

## टप्पा १: माणसं आणि कागद

दोन्ही संस्थांनी प्रत्येकी तीन संपर्क लिहून द्यायचे: प्रशासकीय, तांत्रिक आणि सुरक्षेचा. पत्ता पदाचा असावा, व्यक्तीचा नको. कंत्राटी सिस्टीम अ‍ॅडमिनच्या खाजगी ईमेलवर सगळं नोंदवलं आणि तो पुढच्या वर्षी पुण्याला नोकरीला गेला, की सर्टिफिकेट (किल्लीचा सार्वजनिक भाग असलेली, मुदतीची फाइल) संपत आल्याची सूचना कॉलेजपर्यंत पोहोचतच नाही. फोन मात्र ऑफिसचा लँडलाइन आणि एक मोबाइल असे दोन द्या. लँडलाइन का हवा, ते टप्पा ४ मध्ये येईल.

मग दोन पानांचा करार. वकिली भाषा नको, पण एवढं त्यात असलंच पाहिजे: कोणत्या प्रकारच्या लोकांना खातं दिलं जातं, खातं देण्याआधी ओळख कशी तपासली जाते, माणूस संस्था सोडून गेला की किती दिवसांत खातं बंद होतं, कोणती माहिती एसपीकडे जाईल आणि तिकडे ती किती काळ राहील, गडबड झाली तर कोण कोणाला किती वेळात कळवेल, आणि संबंध संपवायचा झाला तर काय काय पुसायचं. प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही, जावक क्रमांक आणि तारीख टाका. जावक क्रमांक असलेला कागद माणसं बदलली तरी ऑफिसात सापडतो.

गडबड कळवण्याची मुदत मनाने ठरवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यात दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवायच्या असतात आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. एसपीने तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळवलं तर त्यांचे ६ तास कधीच उलटून गेलेले असतील आणि तुमचे तेव्हा कुठे सुरू होतील. म्हणून करारात त्याहून कमी मुदत लिहा. शैक्षणिक फेडरेशनांमध्ये यासाठीच सर्टफी (Sirtfi) नावाची चौकट वापरतात. तिची प्रश्नावली समोर ठेवून स्वतःची तयारी तपासली तर कराराचा हा भाग जवळजवळ तयार मिळतो.

तपासा: सुरक्षेच्या संपर्काला एक चाचणी ईमेल पाठवा, तेही सुटीच्या दिवशी. उत्तर कधी आलं ते नोंदवा.

## टप्पा २: खाती साफ करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. टीसीवर विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ग लिहिलेला असतो, शिक्का असतो, आणि म्हणूनच दुसरं कॉलेज त्या मुलाला न ओळखताही प्रवेश देतं. आयडीपीने पाठवलेलं विधानही असंच असतं: "हा आमचा विद्यार्थी आहे." तुमच्या डिरेक्टरीत (खात्यांच्या यादीत) तीन वर्षांपूर्वी पास झालेली मुलं अजून "विद्यार्थी" असतील, तर तुम्ही रोज खोटे दाखले देत आहात.

सामाईक खाती बंद करा. ग्रंथालयाच्या टेबलावर चिकटवलेला "लायब्ररी" नावाचा यूजर आणि त्याचा पासवर्ड फेडरेशनमध्ये चालत नाही. त्या खात्याने कोणी एका रात्रीत हजारो लेख उतरवले, तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश बंद करतो आणि नेमकं कोणी केलं, ते तुम्हाला सांगता येत नाही.

यूजरनेम पुन्हा दुसऱ्याला देऊ नका. मोबाइल नंबर हेच यूजरनेम ठेवणारी बरीच कॉलेजं आहेत. नंबर बंद पडला की कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते आणि जुन्या मुलीच्या नोंदी, डाउनलोड, जतन केलेले शोध नव्या माणसाच्या पुढ्यात उघडतात. कायमचा नोंदणी क्रमांक किंवा सिस्टीमने तयार केलेला, कधीच परत न वापरला जाणारा क्रमांक घ्या. आधार क्रमांक या कामाला अजिबात वापरू नका.

तपासा: मागच्या वर्षी टीसी नेलेल्या दहा विद्यार्थ्यांची खाती उघडून बघा. एकही चालू असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: घड्याळ, ओळखपत्ता, किल्ली

घड्याळ. सॅमलच्या प्रत्येक विधानावर वेळ असते आणि ते काही मिनिटांसाठीच वैध असतं. तालुक्याच्या ठिकाणी लाइट जाते, यूपीएस दम टाकतो, जुन्या सर्व्हरची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, आणि मशीन परत चालू होतं तेव्हा घड्याळ भलतंच काहीतरी दाखवतं. समोरचा एसपी "विधानाची मुदत संपली" म्हणून प्रत्येकाला नाकारतो. लोक मेटाडेटात चूक शोधत बसतात.

घड्याळ हाताने लावू नका, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. आणखी एक हमखास होणारी चूक: सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ भरणे. मग फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका.

ओळखपत्ता. मेटाडेटात संस्थेचा एक कायमचा ओळखपत्ता असतो, त्याला एंटिटी आयडी म्हणतात. तो वेब-पत्त्यासारखा दिसतो, पण ते फक्त नाव आहे. समोरच्या सगळ्या सेवा तुम्हाला याच नावाने ओळखतात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा अनेक संस्थांना सगळीकडचं नाव बदलायचं होतं. लोकांना दिसणारं नाव जरूर बदला, मेटाडेटात त्यासाठी वेगळी जागा आहे. एंटिटी आयडीला मात्र हात लावू नका. तो बदलला की प्रत्येक एसपीच्या दृष्टीने तुम्ही नवीच, अनोळखी संस्था होता. नव्याने सुरू करणाऱ्यांनी त्यात शहराचं, व्हेंडरचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव घालूच नये. आणि डोमेन कॉलेजच्या नावावर नोंदलेलं हवं, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे.

किल्ली. सही करायची किल्ली तुमच्याच सर्व्हरवर तयार करा. आरएसए प्रकारची असेल तर निदान २०४८ बिटची, शक्यतो ३०७२ ची. तिचं सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं आणि काही वर्षांच्या मुदतीचं असलं तरी चालतं, कारण इथे विश्वास मेटाडेटाच्या पडताळणीतून येतो, सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडून नाही. उलट वेबसाइटचंच ९० दिवसांचं मोफत सर्टिफिकेट सॅमलच्या सहीला लावलं, तर दर तीन महिन्यांनी सगळ्या सेवा बंद पडतील. दोन्ही कामांना वेगळ्या किल्ल्या ठेवा.

सावधान: खाजगी किल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ईमेलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर कोणालाही द्यायची नाही, समोरच्या संस्थेला तर नाहीच. कोणी मागितली तर त्याला प्रक्रिया कळलेली नाही, असं समजा. एकदा बाहेर गेली की ती किल्ली बाद धरा. सर्व्हर व्हेंडर सांभाळत असेल, तर व्हेंडर बदलला की त्याच आठवड्यात किल्ली बदलायची, हे करारात लिहा.

## टप्पा ४: मेटाडेटाची देवाणघेवाण आणि फोनवरची पडताळणी

मेटाडेटा म्हणजे एंटिटी आयडी, सार्वजनिक किल्लीचं सर्टिफिकेट, लॉगिनचे आणि उत्तर पाठवायचे पत्ते, संपर्क, आणि आयडीपी असेल तर स्कोप, म्हणजे तुम्ही कोणत्या डोमेनच्या माणसांबद्दल बोलू शकता ते. सॉफ्टवेअरने आपोआप तयार केलेली फाइल जशीच्या तशी पाठवू नका. तिच्यात अनेकदा चाचणीच्या मशीनचा पत्ता किंवा अंतर्गत आयपी राहिलेला असतो. ओळ न् ओळ वाचा.

थेट जोडणीत फाइल ईमेलने आली तरी हरकत नाही, पण तिच्यावर तेवढ्यानेच विश्वास ठेवू नका. ईमेल कोणाचाही असू शकतो. सर्टिफिकेटचं एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (त्याच्या मजकुरावरून निघणारी, ०-९ आणि ए-एफ यांच्या जोड्यांची खूण) दोघांनीही आपापल्या मशीनवर काढायचं आणि दुसऱ्या मार्गाने जुळवायचं. संवाद साधारण असा व्हायला हवा:

"नमस्कार मॅडम, उदगीरच्या कॉलेजमधून बोलतोय. मेटाडेटा पाठवलाय, फिंगरप्रिंट जुळवून घ्यायचं होतं."

"हो सर, फाइल उघडून बसलेय. तुम्ही फोन ठेवा, करारात तुमच्या ऑफिसचा लँडलाइन आहे, त्यावर मी करते."

दोन मिनिटांनी लँडलाइन वाजतो.

"हं सर, बोला. पहिल्या आठ जोड्या तुम्ही वाचा, पुढच्या आठ मी वाचते."

"तीन, एफ फर्दापूरचा. नऊ, बी बीडचा. डी देगलूरचा, शून्य..."

फोन ठेवून परत करणं यातलं सगळ्यात मोलाचं. आलेल्या फोनवरचा आवाज कोणाचाही असेल. करारातल्या नंबरवर लागलेला फोन त्या संस्थेतच वाजतो. जोड्या ३२ असतात. आळीपाळीने सगळ्या वाचा, "सुरुवातीच्या आणि शेवटच्या जुळल्या, बास" असं नको. बी, डी, ई फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून अंबाजोगाई, बीड, सिडको, देगलूर, एलोरा, फर्दापूर अशी गावं ठरवून घेतली की चूक होत नाही. शेवटी तारीख, वेळ आणि दोघांची नावं कराराच्या फाइलला जोडा.

फेडरेशनमधून येत असाल तर प्रत्येकाला फोन करायची गरज नाही. मग एकच गोष्ट अशा काळजीने पडताळायची: फेडरेशनच्या सहीचं सर्टिफिकेट. ते पक्क्या मार्गाने मिळवा, फिंगरप्रिंट जुळवा आणि सर्व्हरला सांगा की या सहीशिवायचा मेटाडेटा घ्यायचाच नाही. मेटाडेटावर मुदत असणंही सक्तीचं करा. मुदत नसेल तर कोणीतरी जुनी, बाद किल्ली असलेली फाइल तुमच्यापुढे सरकवू शकतो आणि तिची सही तरीही खरीच निघेल.

सावधान: "सही जुळत नाही" अशी चूक आली की सही तपासणंच बंद करायचं, हा उपाय इंटरनेटवर सर्रास सुचवला जातो. तो कधीही करू नका. फाइल एकदा उतरवून तशीच ठेवून देणंही तितकंच वाईट. ती ठरावीक वेळाने आपोआप ताजी झाली पाहिजे आणि ताजी होणं थांबलं तर तुम्हाला सूचना आली पाहिजे.

## टप्पा ५: कोणती माहिती द्यायची

मूळ नियम साधा आहे: सेवेला जेवढं लागतं तेवढंच. ई-ग्रंथालयाला बहुतेक वेळा दोनच गोष्टी पुरतात: माणूस या संस्थेचा सदस्य आहे का, आणि परत आला तर तोच आहे हे कळण्यासाठी एक खूण. ती खूण प्रत्येक सेवेसाठी वेगळी असेल तर उत्तम, म्हणजे दोन सेवा आपापसात नोंदी जुळवून त्या माणसाचा माग काढू शकत नाहीत. या खुणेला पेअरवाइज आयडी म्हणतात.

आपल्याकडे एक खास धोका आहे. कॉलेजची विद्यार्थी डिरेक्टरी बहुधा प्रवेश-अर्जाच्या डेटाबेसवरून भरलेली असते. त्यात जात प्रवर्ग, पालकांचं उत्पन्न, शिष्यवृत्तीचा प्रकार, बँक खातं असे रकाने असतात. "सगळे गुणधर्म पाठवा" असं सेटिंग कोणी चाचणीसाठी चालू केलं आणि विसरलं, की एका अनुसूचित जातीच्या मुलाची सगळी कौटुंबिक माहिती परक्या सर्व्हरवर जाऊन पडते, त्याला कळतही नाही. म्हणून डिरेक्टरीत हे रकाने आणूच नका. जे तिथे नाही ते चुकून जाऊ शकत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ठरलेल्या हेतूपुरतीच माहिती वापरायला सांगतो.

एसपीच्या बाजूला याच टप्प्यात स्कोप तपासणं येतं. उदगीरच्या आयडीपीने फक्त स्वतःच्या डोमेनच्या माणसांबद्दल बोलावं. त्याने नांदेडच्या विद्यापीठाच्या डोमेनचा "प्राध्यापक" पाठवला, तर सही खरी असली तरी ते विधान फेकून द्यायचं. शिबोलेथ या तयार सॉफ्टवेअरचा एसपी मूळ सेटिंगमध्येच हे तपासतो, पण स्वतः लिहिलेल्या पोर्टलमध्ये ही तपासणी हमखास राहून जाते. मग सगळ्या साखळीतलं सगळ्यात कमजोर कॉलेज सगळ्यांच्या वतीने बोलू शकतं.

तपासा: चाचणी खात्याने लॉगिन करा आणि एसपीला काय काय मिळालं, याचा त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागा. कराराशी ताडून बघा.

## टप्पा ६: नकार मिळतो का ते बघा

लॉगिन होतं हे सिद्ध करणं सोपं आहे. जिथे होऊ नये तिथे होत नाही ना, हे दोघांनी मिळून एका बैठकीत तपासायचं:

१. बंद केलेल्या खात्याने प्रयत्न करा. नकार आला पाहिजे.

२. आयडीपीचं एकदा वापरून झालेलं उत्तर तसंच परत पाठवा. एसपीने ते ओळखून नाकारलं पाहिजे.

३. चाचणीच्या आयडीपीवर घड्याळ दहा मिनिटं पुढे करा. नकार.

४. दुसऱ्या सेवेसाठी बनवलेलं विधान या सेवेला द्या. नकार.

५. परक्या स्कोपचं विधान द्या. नकार.

६. मेटाडेटात नसलेल्या पत्त्यावर उत्तर मागा. आयडीपीने ते पाठवताच कामा नये.

७. सही काढून टाकलेलं विधान द्या. नकार. ही चाचणी पार न करणारी पोर्टलं खरोखर असतात.

एकही चाचणी फसली तरी विद्यार्थ्यांना सेवा खुली करू नका, परीक्षा तोंडावर असली तरी. दोन दिवस उशीर झाला तर तक्रारी येतील. उघडं दार मात्र कोणाच्याच लक्षात येणार नाही.

## टप्पा ७: किल्ली बदलण्याचा सराव

किल्ली कधीतरी बदलावीच लागते, आणि पहिल्यांदा करताना सगळे घाईत चुकतात. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे आयडीपीवर नवी किल्ली लावून मग सगळ्यांना ईमेल करणं. त्या क्षणापासून प्रत्येक एसपी तुम्हाला नाकारतो.

आयडीपीच्या सहीच्या किल्लीचा बरोबर क्रम असा. नवी किल्ली तयार करा. तिचं सर्टिफिकेट जुन्याच्या शेजारी मेटाडेटात घाला, सही मात्र जुन्याच किल्लीने चालू ठेवा. सगळ्या भागीदारांचा मेटाडेटा ताजा होईपर्यंत थांबा. फेडरेशनमध्ये हे आपोआप होतं, थेट जोडणीत प्रत्येकाचं "घेतलं" असं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. मग सही नव्या किल्लीवर आणा. काही दिवस लॉग बघा आणि मगच जुनी काढा.

एसपीच्या कूटबद्धतेच्या (त्याला येणारी विधानं गुपित ठेवण्याच्या) किल्लीला सुरुवात वेगळी आहे: आधी एसपीला नव्या आणि जुन्या दोन्ही किल्ल्यांनी उलगडता आलं पाहिजे, त्यानंतरच नवी मेटाडेटात टाकायची. जुनी मेटाडेटातून काढल्यावरही काही दिवस सर्व्हरवर राहू द्या.

किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल तर यातलं काहीही लागू नाही. जुनी किल्ली ताबडतोब मेटाडेटातून काढा, फेडरेशनला आणि सुरक्षेच्या संपर्कांना फोन करा, सेवा बंद पडली तरी पडू द्या.

तपासा: उन्हाळी सुटीत एकदा हा बदल ठरवून करून बघा. मुदत संपायच्या रात्री पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

ओपनआयडी कनेक्टवर (सॅमलच्या जागी वापरलं जाणारं दुसरं मानक) काम करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. तिथे फिंगरप्रिंटच्या जागी किल्ल्यांचा प्रसिद्ध संच येतो आणि परत पाठवायचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. ओपनआयडी फेडरेशनमध्ये सह्यांची साखळी एका विश्वास-केंद्रापर्यंत जाते; त्या केंद्राची किल्ली टप्पा ४ मधल्या फेडरेशनच्या सर्टिफिकेटसारखीच पडताळायची.

## टप्पा ८: संबंध संपवताना

वर्गणी संपते, पोर्टल बंद होतं, दोन कॉलेजं एकत्र होतात. अशा वेळी नुसतं वापरणं थांबवून चालत नाही. आयडीपीने त्या एसपीसाठीचा माहिती देण्याचा नियम काढायचा. थेट जोडणी असेल तर दोघांनीही एकमेकांचा मेटाडेटा सर्व्हरवरून काढायचा. एसपीने करारातल्या मुदतीत विद्यार्थ्यांच्या नोंदी पुसून तसं लेखी कळवायचं. नंतर चाचणी खात्याने एकदा लॉगिन करून बघा. नकाराचा स्क्रीनशॉट आणि आवक क्रमांक कराराच्या फाइलला लावा. संस्थाच बंद होत असेल तर तिचं डोमेन लगेच सोडू नका. ते दुसऱ्या कोणी विकत घेतलं तर त्या डोमेनचे जुने ईमेल पत्ते, आणि त्यांच्यावर येणाऱ्या पासवर्ड बदलण्याच्या लिंका, सगळं त्याच्या हातात जाईल. शेवटचा एसपी तुमचं नाव काढून टाकेपर्यंत नूतनीकरणाची फी भरत राहा.